मोठ्या रेडिओचा गोडवा

मंगळवार, ३ डिसेंबर १९५७

सगळ्यांत आधी छबूबाई टपकली. शेजारच्या बिऱ्हाडात राहते, पण चहा आमच्याच घरी. आज मात्र कामाचं बोलली. म्हणाली, रांजण घ्यायचाय, कुंभाराकडं वाजवून बघायला तुम्हीच चला. जाणारच. चिखलीला असताना माझ्या टिचकीशिवाय कुणाच्या घरात घागर गेली नाही.

तेवढ्यात इब्राहिम मिस्त्री आला, दोन रेडिओ घेऊन. ट्रायलला. एक मोठा, सोनेरी जाळीचा, लाकूड असं की तोंड दिसावं. दुसरा पिठाच्या डब्याएवढा. रविवारी एकच ठेवायचा. दौलत म्हणाला, इब्राहिमचा आवाज मोजायचा मीटर सांगेल तो ठेवू. पोटचा पोरगा, आणि आईच्या कानापेक्षा मीटर मोठा! मोठाच राहणार. पुनावळ्याची विहीण आली की तिला काय तो डबा दाखवू?

ठरवलं: रागवायचं नाही.

बुधवार, सकाळी

रागावले. सून म्हणे लहान्याचा आवाज स्वच्छ आहे. स्वच्छ असायला तो काय तांब्या आहे? कान सोलतो मेला. मोठा कसा, सायीसारखा! काल आल्या आल्या मी त्याला हळदकुंकू लावलं, आणि धूळ नको, दृष्ट नको म्हणून माझी चार पदरी गोधडी पुढून गच्च बांधली. सांगून ठेवलंय, रविवारपर्यंत कुणी सोडायची नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

इब्राहिम मीटर घेऊन आला. लग्नात बोलतात तसला माईक, त्याला वायरनं काट्याची पेटी. लहान्यापुढं काटा टणकन वर. मोठ्यापुढं अर्ध्यातच बसला, आळशी. इब्राहिम म्हणाला, आजी, गोधडी काढू द्या. म्हटलं, हात तर लावून बघ. आणि तुझ्या काट्याला गाण्यातलं काय कळतं रे? तो म्हणाला, आजी, काट्याला आवडनिवड नसते. म्हटलं, म्हणूनच कळत नाही! छबूबाई हसून हसून लोळली. दौलत हसला नाही. म्हणाला, मोठा परत.

मी जेवले नाही. म्हणजे भात नाही घेतला.

मग इब्राहिमनंच तोड काढली. रविवारी पडदा धरू, आजींनी न बघता ओळखायचं. ओळखला तर मोठा राहील. बिचाऱ्याला माझा कान माहीत नाही.

शनिवार

सराव. घरातलं एकूण एक भांडं टिचकी मारून ऐकलं. एकही चुकलं नाही. दौलत रात्रपाळीचा झोपला होता, तो उठून बाहेर जाऊन बसला.

ठरवलं: जिंकल्यावर मिरवायचं नाही. फक्त विहिणीला सांगायचं.

रविवार, ८ डिसेंबर, दुपारी

सुनेनं आणि छबूबाईनं लुगडं धरलं. पहिला वाजला, कान सोलला. दुसरा वाजला, साय! म्हटलं, हा माझा मोठा. तीनदा वाजवले, तीनदा तोच. लुगडं खाली आलं.

गोधडी लहान्यावर! मोठा शेजारी उघडाबोडका.

म्हटलं, फसवलंत म्हातारीला. इब्राहिम म्हणाला, आजी, रविवारपर्यंतच म्हणाला होतात ना, आज रविवार. मग दोन्ही उघडे लावले. काटा दोन्हींपुढं सारखाच. सून म्हणाली, आता सांगा, कुठला गोड? मला दोन्ही खरखरीत वाटले.

म्हणजे गोडवा गोधडीचा. आणि गोधडी कुणी शिवली? हे मी दोनदा मोठ्यानं म्हटलं. कुणी ऐकलं नाही.

दौलतनं डबाच ठेवला. कोनाड्यात मावतो म्हणे. त्याच्यावर गोधडी घालू देत नाही.

मोठा न्यायला इब्राहिम गुरुवारी येणार आहे. छबूबाईही गुरुवारीच येते म्हणाली, रांजणासाठी. पण जाता जाता दारात त्याला विचारत होती, मिस्त्री, तुमचा मीटर कुंभाराकडं चालेल का हो? तो म्हणाला, बघू की, गुरुवारी आणतो.