शेवंताबाईंचा पुढचा दात

१२ फेब्रु. १९७४, भोर
पालीच्या बालवाडीच्या शेवंताबाई. पुढचा दात भरला. पुण्याहून आणलेलं नवं मटेरियल, दाताला थेट चिकटणारं. आम्लानं धुऊन दात खडूसारखा पांढरा, कोरडा ठणठणीत केला. आणि मीच विचारलं, "दुखतंय का?" डॉक्टरसारख्या मोठ्या माणसाला तोंड वासून उत्तर कसं द्यायचं! बाईंनी तोंड मिटलं, आवंढा गिळला, म्हणाल्या, "न्हाई डॉक्टरसाहेब." जीभ दाताला लागलीच, दात ओला. पुन्हा पहिल्यापासून करायला हवं होतं. त्यांची परतीची नसरापूरची एसटी सुटायला आलेली. कापसानं टिपलं आणि भरून टाकलं. दिसायला झकास.

३ मार्च
शेवंताबाई आल्या, तोंडाला पदर. भरलेलं निघालं. मी काय बोलावं? "कडक काही खाल्लं असेल." त्या विचारात पडल्या. "व्हय, भाकरीचा कडक तुकडा होता एकदा..." पुन्हा भरू म्हटलं, तर बघते म्हणाल्या.
जीभ लागल्याचं माझ्या तोंडून निघालं नाही. लाज वाटते स्वतःची.

६ मार्च
बरणीतले उपटलेले दात घेऊन बसलो. निरोगी, कोरडा: चाकूनं खरवडलं तरी सुटेना. निरोगी, पण थुंकी लावून पुसलेला: नखानं निघालं. किडका: कोरडा करूनही जेमतेम धरलं, ओला केल्यावर तेवढंही नाही. बाईंची कीड तर घाईत पुरती कोरलीही नव्हती. म्हणजे दोन्हीकडून चूक माझीच.
सौ. म्हणाली, "मग पत्र टाका की त्यांना." उद्या टाकतो.

१९ एप्रिल
पत्र राहिलं. राहिलं कसलं, टाकलं नाही.

२ जुलै
शेवंताबाई. "उपटूनच टाका आता. तुमी चांगलं केलं हुतं, मलाच जपता आलं न्हाई." पोरं हसतात म्हणून बालवाडीत गाणी म्हणायची सोडली म्हणे. चिमटा हातात घेतला होता, तो ठेवला. सगळं सांगितलं. जीभ, एसटी, माझी घाई, नंतरचं खोटं.
बाई खुर्चीत सरळ बसल्या. मग, "म्हंजी राहिलेला दात जपायचा म्हणून चार महिनं म्या भाकर कुस्करून खाल्ली, ती उगाच?"
 पुन्हा नीट भरून देतो म्हणालो, या वेळी मधे एक शब्द विचारणार नाही. त्या पिशवी घेऊन उठल्या. येते म्हणाल्या नाहीत, येत नाही असंही...