देवयानी टाकीमागे जाण्याआधी

९ जानेवारी
यंत्र आलं. खोकं एकट्याने दोन जिने चढवलं. कंबर धरली आहे, निर्धार मात्र ताठ आहे. दुर्बीण आपली जुनीच. नवीन आहे ती तिच्याखालची कॉम्प्युटरवाली बैठक. कोणता तारा हवा ते रिमोटला सांगायचं. दुर्बीण आपणहून तिकडे वळते आणि पृथ्वी कितीही फिरली तरी त्याची पाठ सोडत नाही. कॅमेरा लावायचा आणि निवांत फोटो काढायचा. विज्ञानाचा विजय असो!
संकल्प: ही, म्हणजे माझी सहधर्मचारिणी, बहिणीकडून परतेल तेव्हा देवयानी दीर्घिकेचा फोटो भिंतीवर हवा. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत हिनेच गच्चीवर तो पुसट ठिपका दाखवून विचारलं होतं, अहो, ते काय आहे? मी पाऊण तास विवेचन केलं. ढग आले म्हणून थांबावं लागलं. दुर्बिणीतून बघायचं राहूनच गेलं.
जाताना म्हणाली, मला थोडी शांतता हवी आहे. शेजारच्या इमारतीत ड्रिल चालू असतं, त्याला मी काय करणार?

१० जानेवारी, संध्याकाळी
माहितीपुस्तक वाचलं नाही. ज्याने ग्रंथ पचवले त्याला रिमोटची काय मातब्बरी! रिमोटने गाव, तारीख, वेळ विचारली. पुढे इंग्रजीत विचारलं, दिवसाचा उजेड वाचवायचा आहे का? मी जन्मभर काटकसरीवर बोलत आलो. ठामपणे ‘हो’ दाबलं. नंतर व्याधाचा तारा मागितला, तर दुर्बीण गर्रकन वळून शेजारच्या गच्चीकडे बघू लागली. तिथे एक बाई दोरीवरचे कपडे काढत होत्या. तडक आत गेल्या.

११ जानेवारी
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, काही देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात, त्याचा प्रश्न आहे तो. नाही म्हणा. तत्त्व म्हणून पटलं नाही, पण म्हटलं. व्याध सापडला. मग ती म्हणाली, आईचा स्वेटर आणि दुसरा चष्मा पाठवून द्या. तिकडे थंडी जास्त असावी.

१७ जानेवारी
यंत्राचा आस ध्रुवताऱ्यावर रोखायचा असतो आणि त्यासाठी खाली बसून एका बारीक नळीतून बघावं लागतं. आयुष्यात कुणापुढे गुडघे टेकले नाहीत. आज ध्रुवापुढे टेकले. उठताना कठड्याचा आधार घेतला.
पहिला फोटो: एकेक तारा गांडुळासारखा. वळवळता, काही तर जोडीने. यंत्र सदोष आहे. कंपनीला जाब विचारणार!

१९ जानेवारी
कंपनीतल्या माणसाला फोनवर फैलावर घेतलं. मध्येच त्याने विचारलं, सर, फोटो चालू असताना यंत्राजवळ कोणी चालत असतं का? मी ठणकावून सांगितलं, माझ्याशिवाय कोणीही नसतं. ‘बरं सर’ म्हणून त्याने फोन ठेवला. माघार!

२३ जानेवारी
खालच्या मजल्यावरच्या मावशी वर आल्या. म्हणाल्या, अहो भाऊ, रोज सभा भरते का इथे? माझा टांगलेला दिवा हलतो. मी समजावून सांगितलं. एकेका फोटोला दोन-तीन मिनिटं लागतात, तेवढा वेळ वाया का घालवायचा? ही परत आली की तिच्याशी काय बोलायचं त्याची तयारी करतो. येरझाऱ्या घातल्याशिवाय मला मुद्दे सुचत नाहीत. मावशी म्हणाल्या, आधी निदान ऐकायला वहिनी होत्या. आता सगळं माझ्याच डोक्यावर!
श्रोता मिळाला, एवढंच मी त्यातून घेतलं.

२ फेब्रुवारी
ढग. लेकीने टेम्पो पाठवून आईचं शिवणयंत्र नेलं. विश्रांतीत हाताला काहीतरी चाळा हवाच. खिडकीपाशी फरशीवर चार पायांचे फिकट ठसे उरले आहेत. दुर्बिणीची तिपाई ठेवायला बरी जागा झाली म्हणून ठेवून पाहिली. तिला तीनच पाय. एक ठसा उघडा राहतो.

८ फेब्रुवारी
तिपाईखाली रबराचे तुकडे घातले. गांडुळं कायम. संकल्प: आजपासून गच्चीवर मौन. मौनाच्या सामर्थ्यावर चालता चालता फार चांगलं बोललो. टाळ्या पडल्या असत्या.
फोटो: गांडुळं.

१५ फेब्रुवारी
काळजी. देवयानी रोज थोडी खाली उतरते आहे. दिवेलागणीनंतर शेजारच्या पाण्याच्या टाकीवर हातभर दिसते, पुढे टाकीमागे जाते. काही दिवसांत अंधार पडायच्या आतच जाईल.
आज हिला स्वतः फोन केला. उचलला! ध्रुव, आस, रबर, सगळं सांगितलं. ती मध्येच दोनदा म्हणाली, अहो, ऐका ना. मी म्हटलं, आधी मुद्दा पुरा करू दे. पुरा केला तोवर फोन बंद झालेला. नेटवर्क भिकार.

२० फेब्रुवारी
रविवारी ही येते आहे! लेकीने जड आवाजात सांगितलं, बाबा, उरलेलं सामान न्यायला येते आहे ती. येऊ दे. सामान न्यायला का होईना, माणूस आधी घरात येतं आणि घरात आलेल्या माणसाला शब्दांनी थांबवता येतं. मी संपावर निघालेला जमाव थांबवला आहे. भाषण चार भागांत. कागद खिशात.

२२ फेब्रुवारी, रविवार, गच्चीवर
आली. लेक खाली गाडीत बसून राहिली. हिने कपाट आवरलं, दोन पिशव्या भरल्या. मग आपणहून म्हणाली, फोटोचं काय झालं तुमच्या? वर आलो. देवयानी टाकीच्या जेमतेम वर होती. कॅमेरा सुरू केला, छाती भरून श्वास घेतला. पहिलं वाक्य ओठांवर होतं. हिने माझ्या दंडावर हात ठेवला. म्हणाली, एवढं होऊ दे. बोलू नका, बसा.
ती उपड्या बादलीवर बसली. मी पायरीवर.
कॅमेरा वाजला. सगळे तारे मोहरीच्या दाण्यासारखे गोल. मधोमध ती, तिरकी, लांबट, धुरकट. ही पुष्कळ वेळ बघत राहिली. म्हणाली, एवढी मोठी असते होय!
मग म्हणाली, मी आता येणार नाही हो. रागावले नाही. फार वर्षांनी झोप लागते मला. जेवण वेळेवर करत जा. फोटो पाठवा.
मी काही बोललो नाही. पिशव्या उचलू का, एवढंही नाही.
खाली गाडी सुरू झाल्याचं ऐकू आलं. मावशी वर डोकावल्या, आज सभा नाही का भाऊ? मी मान हलवली.
देवयानी गेली. यंत्राला त्याचा पत्ता नाही. ते टाकीकडे तोंड करून अगदी सावकाश तिच्यामागे खाली वळतं आहे. उठून बंद केलं पाहिजे. पण पुढचा फोटो चालू आहे आणि मी हललो की तारे हलतात.