माईक बंद होता तरी

अहो, प्रभूच्या नावानं सलाम. मी ठणठणीत आहे, काळजी नको.

काल आमच्या वॉर्डातल्या नर्सचं चर्चमध्ये लग्न झालं. नेमका वचन देताना माईक बंद पडला. फोटोग्राफर ओरडला, "आवाज आला नाही, पुन्हा म्हणा!" पाळकसाहेब म्हणाले, "ज्यानं ऐकायचं, त्यानं ऐकलंय." सगळे हसले. मला मात्र आपलं लग्न आठवलं.

आपणही त्याच्यासमोरच म्हटलं होतं ना, सुखात, दुःखात, आजारपणात? मग तुमच्या छातीत दुखतंय, तपासण्याही झाल्या, हे मला नणंदेकडून का कळावं? तुमच्या पत्रात आपलं "सगळं मजेत"! इथे मी दिवसभर परक्यांचं बीपी तपासते आणि नवऱ्याचं मलाच ठाऊक नाही. नुसती चिडचिड होते. देवानं आपल्याला एकमेकांच्या हाती दिलं, ते काय फक्त बऱ्या दिवसांसाठी?

धाकटीचा खोकला थांबला का? तेही खरं लिहा.

आणि वर मी ठणठणीत लिहिलंय, ते खोटं आहे. गुडघा सुजलाय, जिना चढवत नाही. घ्या, मी सांगितलं. आता तुम्ही सांगा, रिपोर्टमध्ये काय आलं?

तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच