साधं तूप

८ मार्च १९८३, मंगळवार, संध्याकाळ

तिसरी बाटली अजून खवट होत नाही. काय करावं हिचं?

तिन्ही बाटल्यांत आमच्याच घरचं तूप. दोन बाटल्यांत मी संत्र्याच्या सालीचा अर्क घातला, कारण सालीतली फिनॉलिक द्रव्यं चरबीला खवट होऊ देत नाहीत, हेच मला दाखवायचंय. तिसरीत नुसतं साधं तूप, तुलनेसाठी. प्रयोगशाळेतल्या ओव्हनच्या उबेत तिनेच आधी बिघडायला हवं होतं. आज सरांनी ती हुंगली आणि विचारलं, "चिठ्ठ्यांची अदलाबदल तर नाही झाली?" पेशींमधली चरबी ही द्रव्यं कशी वाचवतात, ते पुढे बघायचंय. इथे माझं तूपच बिघडेना.

तोंड पाडून घरी आले. आई लोणी कढवत होती. तूप होत आलं तसं तिने विड्याचं पान धुऊन, पुसून आत सोडलं. ते तडतडलं आणि मी बघतच राहिले. लहानपणापासून बघतेय की हे. विड्याच्या पानातही तसलीच फिनॉलिक द्रव्यं. म्हणजे माझी तिसरी बाटली साधी नव्हतीच कधी.

हसू आवरेना. आईला म्हटलं, एकदा बिनापानाचं कढवून दे, मला ते खवट व्हायला हवंय.

"काहून वं?" ती म्हणाली. "खराब कराले मी तूप कढवू काय? बाजारातून आण."

उद्या सरांना काय सांगू? बिघडणारं तूप आमच्या घरी मिळत नाही.