जेवणानंतरच्या कॉलरी

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता अमरावतीजवळच्या एका कारखान्यात शर्टांच्या लाइनवर देखरेख करते. माल सगळा परदेशी जातो. तासाला शर्टांच्या किती कॉलरी शिवून निघायला हव्यात, तो आकडा रोज सकाळी मी फळ्यावर लिहिते. तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, की हा आकडा काढला कोणी.

अकोल्याची तुझी शिवणाची खोली मला अजून दिसते. शाळेचे गणवेश, आठ मशिनी, मागे स्वयंपाकघर. मी नुकतीच कॉलेजात जायला लागलेय आणि तुझ्या बायकांना ऐटीत म्हणतेय, जरा हात चालवा. तू तव्यावरची पोळी काढतेस, गॅस बंद करतेस, मला पोटभर वाढतेस आणि जेवण झाल्याझाल्या मशीनवर बसवतेस. "आता शिव तासभर. डोये जड झाले का मंग सांग मले, किती होते ते." मी रडकुंडीला आले. बायका माना खाली घालून हसत होत्या. संध्याकाळी तू तुझी छोटी कात्री मला दिलीस. "आपन शिवल्याबिगर दुसऱ्याले आकडा सांगू नोको," एवढंच बोललीस.

मागे, आमचा माल जातो तिकडच्या सरकारने आपल्या कपड्यांवरचा कर वाढवला. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला, मालकांनी पगारवाढ थांबवली आणि आकडा वाढवायला सांगितला. मी सर्वांत चपळ मुलीला सकाळी सकाळी घड्याळ लावून शिवायला बसवलं आणि तिचा आकडा सगळ्यांना दिला. बायका कुरकुरल्या तेव्हा मी म्हणाले, दोन्ही देशांचा नवा करार होईपर्यंतच, मग पहिल्यासारखं. तुझ्या हाताखाली शिकलेली ती बार्शीटाकळीची बाई आता माझ्या लाइनवर आहे. ती बाकीच्यांना म्हणाली, "हे तिच्या मायची पोरगी हाय, खोटं नाही बोलनार." मग सगळ्या पुन्हा मशीनवर बसल्या.

करार झाला. कर उतरला, मालाच्या गाड्या पुन्हा भरून जायला लागल्या. निर्यात वाढली, देशाचं पारडं जड झालं, असं पेपरात आलं. मालक म्हणतात, गिऱ्हाइकाला स्वस्त मालाची सवय लागली, जुना भाव द्यायला ते तयार नाही. खरंही असेल. पगार तिथेच राहिले आणि आकडाही. परवा त्या बार्शीटाकळीच्या बाईने मला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. "बाई, करार झाला म्हने. मंग आमचा आकडा काहून नाही उतरून राहिला?" मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही, आणि मी त्यालाच घाबरले.

म्हणून काल जेवणानंतर तुझी कात्री घेऊन तिच्या मशीनवर बसले. ती शेजारी उभी. तास संपला तेव्हा आकड्याच्या निम्म्यावरही पोचले नव्हते. "सवय नाही राहिली तुमाले," ती म्हणाली. तू मला इतकं सांभाळून घेतलं नसतंस. आकडा उतरवा असं मालकांना सांगायचं ठरवूनच मी घरी गेले. आज सकाळी ते फळ्यापाशीच उभे होते. मार्कर माझ्या हातात होता. मी कालचाच आकडा लिहिला. तिने तो वाचला आणि मशीन सुरू केली.

हे तू वाचणार नाहीस, म्हणून तर लिहिता आलं. तुझी कात्री काल तिच्या मशीनवरच राहिली. मागायची हिंमत झाली नाही, आई.