काचेतल्या माणसाचा खरा अर्थ

२ फेब्रुवारी, रविवार
रेल्वे कॉलनीच्या हॉलमध्ये धम्मदीपच्या फिल्म क्लबनं आज इंग्रजी रॉक सिनेमा दाखवला. एक गायक स्वतःला काचेच्या खोलीत कोंडून घेतो आणि दोन तास गिटार बडवत गातो. बाहेरून आई, बायको, मित्र काच ठोठावतात. हा उघडत नाही. प्रेक्षक बारा. चार झोपले, सात चहाला गेले. अर्थ मला एकट्याला कळला : कोंडलेला तो नाही, बाहेरचे लोक आहेत. धम्मदीप म्हणाला, सिनेमात असं काही दिसत नाही बुवा. दिसणार नाहीच. त्यासाठी सोसलेलं असावं लागतं.
संकल्प : या विषयावर जाहीर व्याख्यान. रविवार, २३ तारीख. हॉल बुक.
बायकोला स्टोरी सांगितली. सविता म्हणाली, त्याच्या जेवणाचं कोण बघतं? हिला सिम्बॉलिझम कळत नाही.

५ फेब्रुवारी
पुतणीचं, सायलीचं लग्न ठरलं. कवठे येमाईला, २३ तारखेलाच, दुपारी १२.३५. दादानं फोन सविताला केला. मला नाही. केला असता तरी उचलला नसता म्हणा. दोन वर्षं बोलणं बंद आहे. त्याच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत निमंत्रकांमध्ये माझं नाव सातवं होतं. सख्खा भाऊ, रेल्वेत हेडक्लार्क, आणि सातवा! माझ्या वर ट्रॅक्टरवाला मल्हारी.
व्याख्यानाची तारीख बदलणार नाही.

९ फेब्रुवारी
पत्रिका व्हॉट्सअॅपवर आली. झूम करून पाहिली. दादाच्या खाली लगेच माझं नाव, ठळक अक्षरात. पण प्रश्न नावाचा कधी नव्हताच. प्रश्न पद्धतीचा आहे. भावाला आमंत्रण द्यायचं तर अक्षता घेऊन दारात यावं लागतं.
व्याख्यानाची चार पानं झाली. 'दार उघडण्याची जबाबदारी बाहेरच्याची' हा मुद्दा जगात अजून कुणी मांडलेला नसावा.

१३ फेब्रुवारी
दादा अक्षता घेऊन दारात आला. खिडकीतून फेटा दिसला आणि मी बाथरूममध्ये गेलो. घाबरून नव्हे, विचार करायला. जाता जाता सविताला खुणावलं, ड्यूटीवर गेलेत म्हणून सांग. दादानं चहा घेतला. मग आणखी एक घेतला. मी पाऊण तास उलट्या बादलीवर. सिनेमात हाच सीन नुसता अकरा मिनिटांचा आहे.
दादाला दारातल्या माझ्या चपला दिसल्या असाव्यात. कारण निघताना तो सविताशी बोलला, पण आवाज सगळा बाथरूमकडं. "ड्यूटीवरनं आल्यावर सांग त्याला. सायलीला आई न्हाई. कन्यादानाला जोडपं लागतंय. पाटावर तुम्ही दोघांनीच बसायचं, पोरीची तशी इच्छा हाय. मी आजून दुसऱ्या कुणाला इचारलेलं न्हाई."
आवाजात नम्रता होती. पण 'चुकलं' हा शब्द नव्हता. नीट ऐकलं, कान दाराला लावून.

१८ फेब्रुवारी
सायलीचा फोन. "नाना, येताय ना?" हिची आई गेली तेव्हा तेरावा होईपर्यंत ही माझ्याच पाठीला चिकटून होती. चष्मा काढून पुसला. हवा खराब आहे. मग तिला काचेच्या खोलीचा अर्थ समजावून सांगितला, पंचवीस मिनिटं. शेवटी म्हणाली, "बरं नाना." घरात एकीला तरी कळलं.

२२ फेब्रुवारी
सविता आणि सत्यजीत हळदीला गेले. पोरगाही आईच्या पार्टीत. सविता जाताना म्हणाली, मला एकटीला पाटावर कोण बसवणार? साडेदहापर्यंत या, नाहीतर त्यांना दुसरं जोडपं बघू द्या. अल्टिमेटम!
माझाही आहे. उद्या सकाळी सातच्या आत दादाचा फोन आला तर जाईन. दादाला हे माहीत नाही. कळवणं म्हणजे माघार.

२३ फेब्रुवारी, सकाळी ७.०५
फोन नाही. मुदत आठपर्यंत वाढवली. आपण मोठेपणा दाखवावा.

८.१०
रिंग वाजली. हात पुसत धावलो. क्रेडिट कार्डवाली. हिंदीतून सर म्हणाली. तेवढाच मान.

दुपारी १.१०
व्याख्यान झालं. साठ खुर्च्या. धम्मदीप सकाळीच किल्ली देऊन लग्नाला गेला. सत्यजीतनं आग्रहानं बोलावलंय म्हणे. हजर : हॉल झाडायला आलेल्या सोजरबाई. भिंतीला झाडू टेकवून त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "त्याला बोलवाया कुणी आलं न्हवतं व्हय?"
आले होते, म्हटलं. सगळेच आले होते.
"मग आजून काय पायजे हुतं त्याला?"
चारी पानं उलटसुलट पाहिली. मिळालं की सांगतो म्हटलं. तोवर पाय वर घ्या, म्हणाल्या, खालचं झाडायचंय. घड्याळ बघितलं तर बारा पस्तीस होऊन गेले होते.

संध्याकाळी ७.३०
मंडळी परत आली. लग्न छान झालं म्हणे. कन्यादान आमच्या चुलतभावानं केलं, ज्योतिबानं. त्याची तुळजाबाई शेजारी बसली. साडेदहा वाजून गेल्यावर दादानंच दोघांना पाटाशी नेलं. सायली निघताना ज्योतिबाच्या गळ्यात पडून रडली.
मी म्हटलं, इकडंही हॉल गच्च होता. सविता बांगड्या उतरवत होती.
थोड्या वेळानं सहज विचारलं, माझं कुणी विचारलं का?
"विचारलं की," ती म्हणाली. "पहिला तासभर."