अकरा आठवड्यांचं दूध

प्रिय धाकटे,

सोळा दिवस झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. आईच्या फोनवरून केला तर बाळ, आपला बोकोबा, झोपलाय एवढं सांगून ठेवून देतेस. मला राग आला नाही. तुझ्या जागी मी असते तर तेवढंही बोलले नसते. म्हणून आज लिहायला बसलेय. आई संध्याकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघतेय, तिच्या पिशवीत हे पत्र घालते. तिने वाटेत उघडू नये म्हणून पाकिटाला चिकटपट्टी लावलीय. तरी ती वाचेलच.

माझ्या कामाबद्दल तू कधी खोदून विचारलं नाहीस आणि मीही कधी धड सांगितलं नाही. ताई दुधात पाणी आहे का ते बघते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. यंदा आमच्याकडे बाळांच्या दुधाच्या पावडरीचं काम आलं. पावडरीत जे तेल घालतात ते शुद्ध करताना प्रमाणाबाहेर तापवलं, तर त्यात एक नको असलेलं रसायन तयार होतं. ते दिसत नाही, चवीलाही लागत नाही. आम्ही साध्या दुकानांतून चोवीस कंपन्यांचे चोवीस डबे विकत आणले आणि प्रत्येकात ते किती आहे ते मोजलं. मोजायचं काम आमच्या प्रयोगशाळेतल्या पोरी करतात, तराजूची काच लावून, श्वास रोखून. आलेल्या आकड्याने बाळाला काय होईल, हे ठरवायचं काम माझं.

मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात दहा पदार्थ जातात. एकात काही वावगं निघालं तरी बाकीचे नऊ सांभाळून घेतात. बाळाचं जेवण म्हणजे तो एकच डबा, आणि वजनाच्या मानाने ते पितं तरी किती! तुझ्या-माझ्या अंगाच्या हिशोबाने रोज नऊ लिटर दूध रिचवल्यासारखं. आमचे साहेब म्हणाले, सरासरी बाळ धरून हिशोब करा. मी म्हटलं, सरासरी बाळ कुणाच्याच घरी जन्मत नाही. मी सगळ्यात लहान आणि सगळ्यात खादाड बाळ धरलं. यावर आमची दोन दिवस जुंपली होती. शेवटी साहेबांनी चष्मा पुसला, माझा कागद पुढे ओढला आणि सही केली.

तेवीस डबे चांगले निघाले. हे मी छातीठोकपणे सांगते, कुणीही विचारो. एक मात्र सुरक्षित रेषेच्या वर गेला, दीडपट. त्या कंपनीचा शास्त्रज्ञ आमच्याकडे येऊन गेला. माणूस सभ्य होता, माझ्यासारखाच शिकलेला. इतक्याने काही होत नाही, असं तो समजुतीच्या सुरात म्हणाला. मी विचारलं, "किती महिने पाजलं तर होत नाही?" त्याने बराच वेळ कागद चाळले. त्यांनी तो हिशोब कधी केलाच नव्हता. मी केला होता. आज दुपारी तीन वाजता जाहीर झालं, त्यांचे ते सगळे डबे दुकानांतून परत मागवले. उद्या पेपरात मोठ्या अक्षरांत येईल.

आता त्या फोनबद्दल. शेजारणीकडून पावडरीबद्दल काहीतरी उडत उडत ऐकून तू मला विचारलंस, "ताई, तुझं बाळ असतं तर तू कुठली पावडर दिली असतीस?" आणि मी ऑफिसातल्या आवाजात म्हटलं, "डॉक्टरांना विचार." तू फोन ठेवलास. मग आईला म्हणालीस, मी असं विचारायला नको होतं, ताईला मूल नाही हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. तेव्हापासून आई माझ्याशी काचेच्या भांड्यासारखी जपून बोलते. धाकटे, मला तुझा प्रश्न टोचला नव्हता. पण तुम्हाला तसं वाटलं आणि मी वाटू दिलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

तो डबा तुझ्या ओट्यावरचाच आहे. बोकोबाला बघायला आले होते तेव्हा डब्यावरचं नाव वाचलं होतं. तुझा फोन आला त्याच्या आदल्या दिवशी पहिला आकडा माझ्या हातात पडला होता, एकदाच मोजलेला. तो चुकीचा असता आणि बाहेर गेला असता, तर घाबरून हजार घरांत आयांनी पावडर कमी घालून दूध पातळ केलं असतं, आणि पातळ दुधाने बाळ चार दिवसांत झिजतं. दुसऱ्या प्रयोगशाळेकडून खात्री होईपर्यंत दोन आठवडे गेले. तेवढे दिवस मी रोज, तू आत्ता त्याला पाजत असशील, असं मनात म्हणत गप्प बसले. ज्या आयांना माझ्यासारखी बहीण नाही त्यांच्याआधी तुला सांगायचं, हे मला जमलं नाही. त्याची माफी मागत नाही, पुन्हा वेळ आली तरी मी हेच करेन. त्या कोरड्या आवाजाची मात्र मागते. आणि आता नीट वाच. आजारपणात तुझं दूध आटलं तेव्हापासून अकरा आठवडे बोकोबा हेच प्यायला. त्याचं वजन आणि रोजच्या बाटल्या धरून मी त्याचा एकट्याचा हिशोब तीनदा केला. उंदरांच्या मूत्रपिंडात ज्या मात्रेने पहिला बारीक बदल दिसतो, तिचा शंभरावा भाग म्हणजे ती सुरक्षित रेषा. बोकोबा त्या शंभरातल्या दीड भागापर्यंत गेला, तेही अकराच आठवडे. तो ठणठणीत आहे. वर्षानुवर्षं चाललं असतं तर मी हे लिहू शकले नसते. आईच्या पिशवीत दुसऱ्या कंपनीचे दोन डबे आहेत, तेविसातले. डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाल, एक चमचाही जास्त नको. डॉक्टरांना हे पत्र दाखव, काही शंका असेल तर ते मला फोन करू देत. पेपर तुझ्या दारात पडायच्या आत हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून आईला आजच्याच गाडीने घाईघाईने पाठवतेय. तुला वाटेल तितके दिवस फोन उचलू नकोस.

तुझीच,
ताई